खात्रीचं वजन

काटेकाकांचा जगातल्या एकाही यंत्रावर विश्वास नव्हता, आणि त्यावरच त्यांचं पोट चालत होतं. चौतीस वर्षं ते वजनकाटे दुरुस्त करत आले होते. वाण्याचा काटा, भंगारवाल्याचा काटा, दवाखान्यातला तान्ह्या मुलांचा काटा, सोनाराचा नाजूक काटा, कुठलाही काटा समोर आला की ते आधी त्याच्याकडे संशयाने बघत. मग पितळेच्या वजनांची लाकडी पेटी उघडत, त्यातलं एक खात्रीचं वजन त्याच्यावर ठेवत आणि काटा काय म्हणतो ते बघत. "वजनाला बोलायची सवय नसते," ते गिऱ्हाइकाला सांगत. "बोलतो तो काटा. म्हणून खोटं निघतं ते काट्याचंच."

असा माणूस दुकानात शोभून दिसतो. घरात तो डोक्याला ताप होतो. काकूंना कुणीही विचारलं असतं तर त्यांनी हे सांगितलं असतं. पण खुद्द काकांना ते विचारायची सोय राहिली नव्हती, कारण गेले अकरा आठवडे नवराबायकोत अबोला होता.

अबोल्याचं कारणही काटाच. झालं असं की काकूंची धाकटी बहीण दोन दिवस राहायला आली होती. काकू तिच्यादेखत न्हाणीघराबाहेरच्या काट्यावर उभ्या राहिल्या आणि हरखून म्हणाल्या, "बघ गं, चौसष्ट! दोन किलो उतरले." बहिणीने तोंडभर कौतुक केलं. तिथे गप्प बसावं की नाही? पण काका आतून पेटी घेऊन आले, काट्यावर वजनं एकावर एक रचली आणि मेहुणीसमोर निकाल दिला, "उतरलेलं काही नाही. काटा दोन किलो कमी दाखवतोय." एवढ्यावरही निभावलं असतं. पण त्यांनी खिशातून पेचकस काढला. "थांब, आत्ता बरोबर करून देतो."

काकूंनी तो पेचकस त्यांच्या हातातून काढून घेतला, शिवणाच्या डब्यात टाकला, वर झाकण लावलं आणि बोलणं बंद केलं.

आता एका घरात राहायचं म्हणजे निरोप हे द्यावेच लागतात. घर दोन खोल्यांचं. काकू घरीच कपडे शिवून देत, आणि त्यांच्या शिलाई मशीनशेजारी एक तीन पायांचं स्टूल होतं. ते बिचारं न मागता कामाला लागलं. "स्टुला, त्यांना सांग, चहा झालाय." "स्टुला, तिला सांग, साखर कमी पडलीय." "स्टुला, सांग त्यांना, साखरेचा डबा फडताळात असतो आणि देवाने दोन हात दिलेले असतात." पहिल्या आठवड्यात हे थोडं चमत्कारिक वाटलं. तिसऱ्या आठवड्यात अंगवळणी पडलं. सातव्या आठवड्यात काकूंनी स्टुलाला निळ्या कापडाचं झालरीचं कव्हर शिवलं. काकांच्या सदऱ्याचं वरचं बटण महिनाभर तुटलेलं होतं, ते तसंच होतं. एका स्टुलाचा मत्सर वाटावा अशी वेळ आपल्यावर येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

अकराव्या आठवड्यात काका एका काट्यावर वाकून काम करत असताना त्यांच्या छातीत काहीतरी अडखळलं. एक ठोका राहूनच गेल्यासारखा. त्यांनी आधी संशय घेतला तो काट्याचा. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं, तेव्हा हातात काटा नव्हता. मग मात्र ते मुकाट्याने डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर तरुण होती. चष्मा डोक्यावर ठेवून टेबलावर चष्मा शोधणारी, पण कामात पक्की. तिने काकांच्या छातीला पाच चिकटपट्ट्या लावल्या, त्यांच्या पाच वायरी साबणाच्या वडीएवढ्या एका यंत्रात खोचल्या आणि यंत्र त्यांच्या कमरेला बांधलं.

"हे चोवीस तास तुमचा ठोका न् ठोका टिपणार," ती म्हणाली. "काढायचं नाही. अंघोळ नाही. पट्ट्या सुटल्याच तर या पाच जास्तीच्या. आणि ही वही. काय केलंत ते वेळेसकट लिहायचं. जेवलात, जिने चढलात, भांडलात, सगळं."

"आम्ही भांडत नाही," काका म्हणाले. "बोलतच नाही."

"तेही लिहा."

घरी येईस्तोवर काका त्या यंत्राकडे वाकून वाकून बघत होते. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला. पण चौतीस वर्षांची सवय. यंत्र आपल्या छातीचं मोजमाप घेतंय, आणि त्याची तपासणी कुणी केली? कुणीच नाही! उद्या त्याने काहीही सांगितलं तर आपण मान डोलवायची? यंत्राला आधी खात्रीचं वजन लावून बघायला हवं. आणि या घरात खात्रीचं म्हणावं असं काय होतं? एकतीस वर्षांत जिला साधी सर्दी झालेली त्यांना आठवत नव्हती, जी पहाटे उठायची, दिवसभर मशीन चालवायची, कधी 'दमले' म्हणायची नाही, अशी एकच वस्तू होती. ती समोर बसून कुणाच्यातरी झग्याची टीप मारत होती.

"स्टुला," काका म्हणाले, "तिला सांग, हे यंत्र तपासायचंय. पाच तास अंगाला लावून हवंय."

मशीन थांबलं. "स्टुला, त्यांना विचार, मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

"स्टुला, तिला सांग, काटा तपासायचा तर ज्याच्यात कधी फरक पडत नाही असंच वजन लागतं. आणि या घरात तसं..." काका घुटमळले. "तसं तीच आहे."

अकरा आठवड्यांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात बरं वाक्य होतं. काकूंनी क्षणभर स्टुलाकडे बघितलं, जणू तेच आपलं कौतुक करतंय. मग त्या उठल्या, यंत्र आणि जास्तीच्या पट्ट्या घेऊन पडद्यामागे गेल्या आणि छातीची मापं घेण्यात आयुष्य गेलेल्या हाताने पाचही पट्ट्या बरोबर जागी लावून आल्या. रात्री आठला काकांनी यंत्र परत स्वतःला लावून घेतलं. मधल्या वेळात वही मात्र ते इमानेइतबारे लिहीत राहिले. अर्थात स्वतःची.

दोन दिवसांनी डॉक्टरने त्यांना बोलावलं. समोर कागदाची लांबच लांब पट्टी पसरलेली होती.

"सकाळचा भाग उत्तम आहे," ती म्हणाली. "मध्येच एखादा ठोका चुकतो, पण ते निरुपद्रवी आहे. पुष्कळांचा चुकतो. मला काळजी आहे ती दुपारी तीन ते रात्री आठ या वेळेची." तिने चष्मा डोळ्यांवर ओढला. "तीन चाळीसला ठोके एकदम एकशेअठरा. काय केलंत?"

काकांनी वही उघडली. "चहा मागितला. स्टुलामार्फत."

डॉक्टरने एकदा त्यांच्याकडे बघितलं, पण विषय सोडला नाही. "चार पाचला एकशेपस्तीस."

"पडदा वाकडा शिवलाय असं सांगितलं. स्टुलाला."

"मग साडेचारपासून एकदम शांत. चौऱ्याहत्तर, बहात्तर. सुरेख."

"साडेचारला मी कामाला बाहेर पडलो."

"आणि सहा वीसला," डॉक्टरचं बोट कागदावर थांबलं. तिथली रेघ गुंतलेल्या दोऱ्यासारखी दिसत होती. "एकशेअठ्ठेचाळीस. तेही वेडेवाकडे, अकरा मिनिटं. हे साधं नाही, काका. अशाने कधीतरी माणूस उभ्याचा आडवा होतो. सहा वीसला काय झालं?"

काकांनी वहीत बघितलं आणि बघतच राहिले. तिथे त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'घरी आलो. किल्लीने दार उघडलं.'

"काय झालं सहा वीसला?" डॉक्टरने पुन्हा विचारलं. "घरात कुणी आलं होतं का?"

"हो," काका म्हणाले. "मी आलो."

मग त्यांना सगळं सांगावंच लागलं. डॉक्टर आधी हसली, मग तिच्या लक्षात आलं, मग ती खुर्चीतून उठली. "यंत्र दुसऱ्याला लावलंत? मी बजावून सांगितलेलं असताना दुसऱ्याच माणसाला लावलंत?"

"दुसऱ्याला नाही हो," काका म्हणाले. "बायकोला."

काका घराकडे निघाले तेव्हा त्यांच्या खिशात डॉक्टरची चिठ्ठी होती: उद्या सकाळी रुग्णाला घेऊन येणे. वाटेत त्यांनी स्वतःची समजूत घालून बघितली. यंत्रात खोट असेल. पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांना यंत्राचा संशय घेता येईना. सकाळी त्याने त्यांचं बरोबर मोजलं होतं, दुपारी तिचं बरोबर मोजलं होतं. काट्यात फरक नव्हता. ज्या वजनाची त्यांनी एकतीस वर्षं खात्री धरली होती ते कधी तपासलंच नव्हतं. आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांना एक गोष्ट आठवली. हल्ली काकू भाजी घेऊन वर येताना दुसऱ्या मजल्यावर थांबतात. कठड्यावर हात ठेवून. काकांना वाटायचं, शेजारणीची वाट बघते.

काकू मशीनवर होत्या. काका स्टुलासमोर उभे राहिले.

"स्टुला, तिला सांग, डॉक्टरांनी उद्या तिला बोलावलंय."

"स्टुला, विचार त्यांना, दुखणं कुणाचं आणि बोलावणं कुणाला?"

"तुझं," काका म्हणाले.

हे स्टुलाला नव्हतं, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं. मशीनच्या चाकावरचा काकूंचा हात तसाच राहिला. काकांनी यंत्राचं, रेघेचं, सहा वीसचं, सगळं सांगून टाकलं. काकूंना धक्का बसेल असं त्यांना वाटलं होतं. काकूंनी नुसता सुईतला दोरा तोडला.

"दोन महिने होतंय," त्या म्हणाल्या. "छातीत पाखरू फडफडल्यासारखं."

"दोन महिने? अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू?" काकूंचा आवाज चढला. "स्टुलाला?"

काकांनी स्टूल उचललं आणि झालरीसकट पलंगाखाली सरकवलं. एवढ्या चांगल्या नोकराला असं तडकाफडकी काढणं बरं नव्हे, पण त्यांचा नाइलाज होता.

सकाळी डॉक्टरने काकूंना तपासलं. रक्तदाब भलताच चढलेला होता. तिने एक गोळी सुरू केली आणि पुन्हा चोवीस तास यंत्र लावलं, या वेळी राजरोस. वही काकूंच्या हातात दिली. "गोळी तिचं काम करेल," ती काकांना म्हणाली. "पण निम्मं काम तुमच्या घरात आहे. ते मी चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाही."

काकांनी ते निम्मं काम मनावर घेतलं, आणि काकांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती बिघडलीच म्हणून समजा. त्यांनी विचार केला: घात किल्लीच्या आवाजाने होतो. म्हणून त्यांनी जाताना कुलपात तेल सोडलं, बिजागऱ्यांना तेल लावलं, चपलांचे तळसुद्धा तपासले. संध्याकाळी सहा वीसला दारापाशी आले, किल्ली काढली आणि त्यांचा हात थांबला. आत यंत्र चालू होतं. किल्ली फिरवली की रेघ उडणार. मग ते वळले आणि अर्धा जिना उतरून पायरीवर बसले. तिची रेघ शांत राहायची असेल तर आपण इथेच बसलेलं बरं, असा त्यांनी हिशेब केला. वरच्या मजल्यावरचा न्हावी कामावरून परत येत होता. "काका, किल्ली हरवली काय?" त्याने विचारलं. "नाही, आहे," काका म्हणाले. तो मान डोलावत वर गेला. काट्यांचं काम करून करून माणूस असा होतो, असं त्याला आधीपासून वाटत असावं.

पाऊण तासाने कंबर आखडली तेव्हा काका उठले आणि तेल लावलेल्या दारातून भुतासारखे आत गेले. काकू खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं आणि पानं घेतली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसमोर नवी पट्टी पसरलेली होती. काकूंच्या शेजारी काका परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे ताठ बसले होते. आपण पाऊण तास बाहेर बसून रेघ सरळ ठेवली आहे, याची त्यांना खात्री होती.

"गोळी लागू पडतेय," डॉक्टर म्हणाली. "दिवसभर छान आहे. पण सहा वीसनंतर पुन्हा..."

"शक्यच नाही!" काका उसळले. "सहा वीसला मी घरात नव्हतोच!"

"हळूहळू चढत गेलंय. शंभर, एकशेवीस, सातला एकशेचाळीस. आणि सात पाचला धाडकन खाली. अठ्ठ्याहत्तर. सात पाचला काय झालं?" डॉक्टरने वहीसाठी हात पुढे केला. काकूंनी ती घट्ट धरून ठेवली, पण डॉक्टरच्या हाताला सवय होती. तिने वही घेतली, वाचली आणि काकांपुढे सरकवली.

काकूंचं अक्षर शिवणाच्या टाक्यांसारखं बारीक होतं.

'६.२० यांची यायची वेळ. ६.३० आले नाहीत. ६.४० नाही. यांनाही छातीचं दुखणं आहे, कुठे पडलेबिडले असतील का. ६.५० खिडकीत उभी आहे. रस्त्यावर दिसत नाहीत. ७.०० दिवे लागले. ७.०५ आले. चोरासारखे आले. तोंड नेहमीसारखंच वाकडं. बरं वाटलं.'

म्हणजे माणूस आला तरी धडधड आणि नाही आला तरी धडधड. याच्यावर गोळी निघालेली नाही, आणि निघणारही नाही. काकांनी ते पान दोनदा वाचलं. मग त्यांचे डोळे भरून आले, आणि डॉक्टरसमोर, त्या सगळ्या वायरींसमोर, त्यांनी काकूंचा हात धरला. काकूंनी तो सोडवून घेतला नाही. "लोक बघतायत," एवढंच म्हणाल्या. लोक म्हणजे एकटी डॉक्टर, आणि ती तेव्हा टेबलाखाली चष्मा शोधत होती.

त्या दिवसापासून काका सहा वीसला जिन्याच्या तळाशी उभे राहून ओरडतात, "अगं, आलो गं!" पहिल्या मजल्यावर पुन्हा एकदा. दुसऱ्यावर पुन्हा. अचानक काही होऊ द्यायचं नाही, असा त्यांचा नेम आहे. सगळी इमारत आता त्यावर घड्याळ लावते. काकू दार उघडून उभ्या असतात. "डॉक्टरांनी बोला म्हटलंय," त्या रागावतात, "बोंबला नाही म्हटलेलं." मग भांडण होतं. चांगलं, खणखणीत, समोरासमोर, आणि चहा व्हायच्या आत संपणारं. काकांच्या सदऱ्याला बटण आलं आहे. ते दुसऱ्या रंगाचं आहे, पण काकांनी त्यावर मत दिलेलं नाही.

दोन महिन्यांनी काकूंची बहीण पुन्हा आली. ताईचा आजार कळल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. "किती उतरलीस गं तू!" ती म्हणाली.

"उतरलेय ना?" काकू म्हणाल्या, आणि न्हाणीघराबाहेरच्या काट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. "बघ. बासष्ट."

बहिणीला मागचा प्रसंग आठवला आणि ती नखं बघायला लागली. काट्यावर उभ्या असलेल्या काकूंनी मान वळवून काकांकडे बघितलं. काका दारात उभे होते. पितळी वजनांची पेटी हाताच्या अंतरावर होती. खिशात नवा पेचकस होता. तो काटा कुणी दुरुस्त केलेला नव्हता. अजून दोन किलो कमीच दाखवत होता, हे त्या खोलीत फक्त काकांना पक्कं ठाऊक होतं, आणि काकूंना ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे.

"काय हो," काकूंनी विचारलं, "बरोबर आहे ना?"

चौतीस वर्षं काकांच्या जिभेच्या टोकावर गोळा झाली. त्यांनी ती गिळली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "बासष्ट."

काकू हसल्या. काकांच्या छातीत एक ठोका चुकला. पण ते निरुपद्रवी होतं, तसं डॉक्टरने सांगितलंच होतं.